रानवनस्पतीचा अर्क: काढा, सॉक्सलेट की थंड भिजवण?

वनस्पतीत काय दडलंय हेच माहीत नसेल, तर सुरुवात ७० टक्के इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) थंड, म्हणजे न तापवता, भिजवून करावी. बाकीच्या पद्धती ठरावीक कारण असेल तेव्हाच.

लोकवापरात काढा असेल, तर तुलनेसाठी काढा करावाच लागतो. पाण्यात टॅनिन (तुरट घटक), सॅपोनिन (फेस आणणारे घटक), पॉलिसॅकराइड (लांब शर्करासाखळ्या) उतरतात. उघड्या भांड्यात सुगंधी तेल मात्र वाफेबरोबर निघून जातं. काढ्याला बुरशी लवकर लागते, म्हणून त्याच दिवशी गोठवून फ्रीझ-ड्रायरला (गोठलेल्या स्थितीत वाळवणाऱ्या यंत्राला) लावावा. थंड पाण्यात भिजवणं त्याहून अडचणीचं: वनस्पतीतले एन्झाइम शाबूत राहतात आणि ग्लायकोसाइड (शर्करा जोडलेली संयुगं) तोडत बसतात.

सॉक्सलेट म्हणजे खालच्या फ्लास्कमधल्या द्रावकाची वाफ थंड करून तोच द्रावक पुडीवर पुन्हापुन्हा सोडणारं काचेचं उपकरण. त्यात द्रावक कमी लागतो, काम सहा-आठ तासांत आटोपतं. पण उतरलेला अर्क तितका वेळ खालच्या फ्लास्कमध्ये उकळत राहतो, आणि उष्णतेने नाजूक घटक मोडू शकतात. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या वनस्पतिजन्य औषधाचं उदाहरण बोलकं आहे: चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला यश आलं ते सुमारे ३५ अंशांना उकळणारा इथर वापरल्यावर. त्या कामाला २०१५ चं नोबेल मिळालं. दुसरी गोम अशी की सॉक्सलेटमध्ये ७० टक्के इथेनॉल घातलं तरी वाफेत अल्कोहोलचं प्रमाण वाढतं, त्यामुळे थिंबलमध्ये (पूड ठेवायच्या सच्छिद्र नळीत) ७० टक्के पोचतच नाही. मेण, चरबी हेक्झेनने आधी काढून टाकायची असेल तर सॉक्सलेट उत्तम. सुगंधी तेलासाठी यातलं काहीच नको, क्लेव्हेंजर (पाण्याच्या वाफेबरोबर तेल काढणारं उपकरण) लावावा.

थंड भिजवणीसाठी पाला सावलीत, ४० अंशांखाली वाळवून भरड दळा. फार बारीक पूड गाळताना फिल्टर तुंबवते. ५० ग्रॅम पुडीला ५०० मिली द्रावक, झाकून ४८ ते ७२ तास, अधूनमधून हलवत. गाळून उरलेल्या चोथ्यावर ताजा द्रावक आणखी दोनदा. ७० टक्के इथेनॉल करताना ९५ टक्क्यांचं ७३७ मिली घेऊन पाण्याने १ लिटरच्या खुणेपर्यंत भरा. पाणी आधी मोजून ओतू नका, मिश्रण आकुंचन पावतं. रोटरीवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या फिरत्या फ्लास्कच्या यंत्रावर) ४० अंशांना अल्कोहोल उडालं की मागे पाणी राहतं, आणि सॅपोनिन असतील तर फेस थेट कंडेन्सरकडे चढतो. फ्लास्क निम्म्याहून कमी भरा, व्हॅक्यूम हळूहळू वाढवा.

मेथॅनॉल फक्त रासायनिक विश्लेषणापुरतं. पुढे पोटात जाणाऱ्या औषधाचा विचार असेल, तर पाणी आणि इथेनॉल यांच्यापलीकडे जाऊ नये.

चाचण्यांत फसगत होते ती इथे. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीत जांभळा रंग किती फिका पडतो ते ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. गडद अर्काचा स्वतःचा रंग वजा केला नाही तर आकडा चुकतो. फोलिन-सिओकाल्टू या एकूण फिनॉल मोजण्याच्या चाचणीत क्षपणकारक शर्करा आणि क जीवनसत्त्वही फिनॉल म्हणून मोजलं जातं. टॅनिन प्रथिनांना चिकटतात, म्हणून एन्झाइम-रोधाचे (अर्क एन्झाइमला किती रोखतो त्याचे) निकाल त्यांच्यामुळे फुगतात; पॉलिव्हिनायलपायरोलिडोनने टॅनिन काढून चाचणी पुन्हा करा. जिवाणूंवर कच्च्या अर्काची एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तरच पाठपुरावा करण्यात अर्थ. १०००च्या वर असेल तर सोडून द्या. डीएमएसओ (चाचणीसाठी अर्क विरघळवणारा द्रावक) शेवटच्या मिश्रणात १ टक्क्याच्या आत ठेवा आणि तेवढ्याच डीएमएसओचं, अर्क नसलेलं कंट्रोल तुलनेसाठी लावा.

एमआयसी चांगली आली तरी निरोगी पेशींवरची विषारकता तपासल्याशिवाय शुद्धीकरणावर पैसे घालू नका. आणि हर्बेरियम नमुना (ओळख पटवण्यासाठी दाबून वाळवलेली वनस्पती) पाला गोळा करतानाच, फुलाफळांसकट दाबून ठेवा. जातीची ओळख नंतर चुकीची निघाली, तर कुठल्याच आकड्याला किंमत उरत नाही.