मालगुजाराचा हुक्का : भंडाऱ्यातलं पितळी भांड्याचं दुकान, चार नमुने अन् आमचं मंडईचं नाटक

आधीच सांगून ठेवतो, मी ओढत नाही अन् हा रिव्ह्यू ओढणाऱ्यांसाठी नाही. आमच्या गावच्या मंडळाचं दरवर्षी मंडईचं नाटक असते, दिवाळी झाली की, साकोली-लाखनीकडचे जे असतील त्यांना मंडई काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा. यंदाच्या नाटकात दुसऱ्या अंकात मालगुजार, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार, गादीवर लोडाले टेकून हुक्का ओढत बसते अन् समोर कुळं हात जोडून उभी. प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकातल्या सामानाचं, काम माझ्याकडं. मागं एकदा असाच सीन होता तेव्हा आम्ही लोट्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा खुपसून भागवलं होतं अन् पब्लिकनं चालवून घेतलं, पण यंदाचा मालगुजार अडून बसला, म्हणे मी काही लोटा तोंडाले लावत नाही, खरा आणा नाहीतर दुसरा मालगुजार पाहा.

पहिले केली ती चूक सांगतो. ऑनलाइन पाहिला, 899 रुपये, फोटोत बरा दिसला, मागवला. आला तर बुडाले निळा लाइट! बटण दाबलं की पूर्ण भांडं निळं-जांभळं चमकते. 1940 सालचा मालगुजार अन् त्याच्या मांडीपाशी डीजेचा लाइट, बायको हसून हसून बाजूले झाली. परत पाठवला, पैसे आले, त्याबद्दल तक्रार नाही. अन् एक कबूल करतो, त्याच साइटवर ते जर्मनी-रशियाकडचे स्टीलचे हुक्के पाहिले, एक नक्षी नाही, सरळ गुळगुळीत दांडी, खाली काचेचं भांडं अन् बस, ते मले आवडले. सगळा खेळ मापाचा, दांडी किती जाड अन् भांडं किती फुगीर. पण ते शहरातल्या फ्लॅटमधल्या टेबलावर शोभते, आपल्या वाड्याच्या सेटवर नाही.

मग एका रविवारी मी अन् आमचा लाइटवाला पोट्टा, दोघं गाडीवर भंडाऱ्याले गेलो. भंडारा म्हणजे पितळेचं गाव, बाहेरच्यांना माहीत नसन म्हणून सांगतो, इथल्या पितळी भांड्यांचं नाव पहिलेपासून आहे, आता स्टील-प्लास्टिकनं तो धंदा पार बसला ती गोष्ट वेगळी. बाजारात एक जुनं दुकान आहे, नाव नाही टाकत कारण पुढं थोडी कुरकुरही करणार आहो. काकांना म्हटलं हुक्का पाहिजे, तर काकांनी पहिले चष्म्यावरून दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं अन् विचारलं, "पार्लर-गिर्लर तर नाही ना जी?" 2018 पासून महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर कायद्यानं बंदी आहे तर त्यांचंही बरोबरच आहे. नाटकाचं सांगितल्यावर माणूस एकदम खुलला. पोराले माळ्यावर चढवलं अन् चार नग खाली काढले, धूळ झटकून ओळीनं मांडले, साध्यापासून नखरेवाल्यापर्यंत.

पहिला नारळाचा. खरंच नारळ, करवंटी घासून काळी चकचकीत केलेली, वर लाकडी दांडी, बाजूले बांबूची सरळ नळी अन् मातीची चिलीम, म्हणजे तंबाखू-निखारा ठेवायची वरची वाटी. काकांनी 450 सांगितले. तिकडं अरबस्तान-तुर्कस्तानात हुक्क्याले नारगिले म्हणतात तो शब्द आपल्या नारळापासूनच गेलेला आहे, फारसीत नारळाले नारगील. म्हणजे पुढचे सगळे चांदी-सोन्याचे हुक्के हे ह्या करवंटीचे नातू-पणतू. हातात धरून ओढायची गुडगुडी ती हीच. मले तर तोच घ्यावा वाटला, पण लाइटवाला म्हणे भाऊ हा तर मालगुजाराच्या गड्याचा वाटते, मालगुजाराचा नाही. ते पटलं.

दुसरी साधी पितळी, फर्शी घाटाची. बूड रुंद अन् सपाट, वर घंटेसारखी निमुळती होत जाते, नक्षी म्हणावी तर गळ्यापाशी दोन कोरीव रेघा. गादीच्या बाजूले जमिनीवर ठेवायची अन् लांब सटक, म्हणजे ती कापड गुंडाळलेली वळणारी नळी, हातात धरायची. बूड जड असल्यानं नळी ओढली तरी पडत नाही, हे मी तिथंच तीन वेळा ओढून पाहिलं, काका बोलले काही नाही पण त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. किंमत 2,600.

तिसरा मुरादाबादी. काय सांगू! अडीच-तीन फूट उंच, अंगभर वेलबुट्टी, त्यात लाल-हिरवा मीना भरलेला, चिलमीवर जाळीचं टोपण, टोपणाले साखळी, साखळीले छोटे छोटे मोर, दोन नळ्या. 5,200. आमचा लाइटवाला त्याच्यापुढून हलेच ना. मीही खोटं कायले बोलू, माझाही जीव त्याच्यात अडकला होता. असं भरगच्च काम पाहिलं की आपल्याले पैसे वसूल झाल्यासारखं वाटते, लग्नाच्या पत्रिकेसारखं, रिकामी जागा दिसली की तिथं गणपती.

चौथा "बिदरी". काळाकुळकुळीत, त्यावर पांढरी फुलं, छोटाच पण दिसायला सगळ्यात खानदानी. काकांनी 7,000 सांगितले. आता मी आठवडाभर ह्याच विषयाचं वाचून गेलो होतो, त्यामुळं अंगात आलं होतं. खरी बिदरी पितळेची नसतेच, जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात, त्यावर छिन्नीनं घर कोरून चांदीची तार-पत्रा ठोकून बसवतात अन् शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती अन् नवसागर ह्यांच्या पाण्यानं काळं करतात. त्यानं जस्त काळं पडते, चांदी तशीच पांढरी राहते, म्हणून ते उठून दिसते. म्हणजे काळा हा रंग नाही, धातूच काळा झालेला असते. मी बुडाखाली, दिसणार नाही अशा जागी, किल्लीनं हळूच घासलं. खालून पिवळं. पितळेवर काळा रंग अन् पांढरी फुलंही रंगाचीच! काकांना दाखवलं तर शांतपणे म्हणतात, "मी बिदरी कुठं म्हटलं, बिदरी टाइप म्हटलं." नाही जी, बिदरीच म्हटलं होतं, दोघांनी ऐकलं. ही पहिली कुरकुर.

बिदरीचा घाटही मजेदार आहे, म्युझियममधले फोटो पाहा. जुन्या काळचे बिदरी हुक्के गोल, नारळासारखे, त्यांना खाली ठेवायले वेगळं गोल कडं लागे नाहीतर गडगडायचे. मग अठराव्या शतकात घंटेचा घाट आला, सपाट बुडाचा. करवंटी सुटली तरी करवंटीचा आकार सुटायले इतके दिवस लागले.

तर दुकानात मी तिसऱ्यावर जवळजवळ पैसे टाकले होते. तेवढ्यात लाइटवाल्याच्या डोक्यात आलं, म्हणे भाऊ शामियान्यात मागचा माणूस किती लांब बसते, तिथून पाहू. आम्ही दोन अन् तीन नंबर दुकानाच्या ओट्यावर ठेवले अन् गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो, साठ-सत्तर फूट असन. मागं वळून पाहिलं तर तीन नंबर म्हणजे समई! खरंच सांगतो, मोर, साखळ्या, उंच दांडी, देवघरातली मोठी समई. मीना नाही, वेलबुट्टी नाही, काहीच दिसत नाही, नुसतं पिवळं काहीतरी उभं. अन् तो दोन नंबर, साधा, त्याचं ते घंटेसारखं पोट अन् सापासारखी वळलेली सटक, आंधळ्यालेही कळन हुक्का आहे म्हणून. नक्षी जवळच्याले दिसते, घाट लांबच्याले. दोन नंबर घेतला, घासाघीस करून 2,300 ला.

घरी आणल्यावर गावातल्या एका बुढ्या आजोबांना दाखवायले नेला. वय नव्वदीकडं, 1951 ला मालगुजारी गेली तेव्हा ते शाळेतले पोट्टे, पण वडील वाड्यावर कामाले होते तर आतलं पाहिलेलं. त्यांनी हुक्क्याच्या पोटावरून हात फिरवला अन् म्हणे रोजचा असाच होता, गळ्यापाशी हात लागून लागून झिजलेला. नक्षीचा एक होता पण तो फडक्यात बांधून ठेवत, साहेब दौऱ्यावर आला की निघे, अन् मालगुजार स्वतः त्याच्यातून ओढत नसे, म्हणे ओढ बरोबर लागत नाही. मी मनात म्हटलं बरं झालं मोर घरी नाही आणला.

आता वापरल्यावरचं. माल जाड आहे, ठोका मारला की घंटा वाजते. चिंच लावून घासला तर दोन मिनिटात लखलखीत. पण नेचा, म्हणजे मधली उभी नळी, जिथं पोटात शिरते तिथला डाख, म्हणजे धातूचा सांधा, कच्चा होता, पाणी भरून उचलला की झिरपे. तांबटाकडून परत डाख मारून घेतला, 150 रुपये गेले. काकांना फोन केला तर म्हणे पाणी भरून उचलायचा नसते जी. ही दुसरी कुरकुर.

तालमीत वेगळीच मजा. आमच्या मालगुजारानं आयुष्यात हुक्का धरला नव्हता, त्यानं घेतली सटक तोंडात अन् मारली जोरात फुंकर. हुक्क्यात फुंकलं की पोटातली हवा पाण्याले खाली दाबते अन् पाणी नेच्यातून वर चढते, ते सगळं चिलमीतून कारंज्यासारखं उडून कुळाच्या डोक्यावर! कुळ म्हणे, सारा वसूल केला का जी. तर लक्षात ठेवा, फुंकायचं नाही, आत ओढायचं, ओढलं की हवा चिलमीतून खाली येऊन पाण्यातून बुडबुडे काढत वर येते अन् तोच गुडगुड आवाज. नेच्याचं टोक पाण्यात बोटभर बुडालं पाहिजे, जास्त बुडवलं तर ओढताना गाल बसतात, अन् पाणी सटकीच्या भोकापर्यंत भरलं तर सरळ तोंडात येते. प्रयोगाच्या रात्री नेमकं तेच झालं, घाईत मीच लोटाभर जास्त ओतलं. आमच्या मालगुजारानं घोट गिळला, डोळे मोठे केले अन् पुढचा डायलॉग बोलला, पब्लिकले वाटलं मालगुजाराले राग आला. टाळ्या पडल्या.

चिलमीत आम्ही तंबाखू नाही अन् काहीच नाही ठेवलं, रिकामीच. पाण्यातून गेला की धूर सोज्वळ होते हा गैरसमज आहे, म्हणून धूपसुद्धा त्याच्या छातीत जायले नको. लोडामागं धुपाटणं लपवलं होतं, तिथून धूर वर जाये अन् समोरून चिलमीतूनच निघून राहिला असं वाटे. माईक जवळ ठेवला होता, गुडगुड शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

दुकानाले पाचपैकी साडेतीन. माल अस्सल पितळ, काका बोलायले गोड, माळ्यावरचं काढून दाखवायचा कंटाळा नाही. दीड कापला बिदरी टाइपसाठी अन् डाखासाठी. मोरवाला अजून तिथंच असन, जवळून पाहायले जरूर जा.

शेवटचं, कोणाले माहीत असलं तर सांगा. शेजारच्या गावच्या मंडळानं त्यांच्या नाटकाले हुक्का मागून नेला होता, परत आला तर चिलीम नाही, म्हणे सेटवर फुटली. काकांना विचारलं तर नुसती चिलीम देत नाही म्हणतात, पूर्ण नग घ्या. कुंभाराले माप दिलं आहे पण त्याची बसून नाही राहिली, दोन वेळा करून झाली, एक ढिली अन् एक जातच नाही. कोणाकडं जुनी पडली असन तर कळवा, तोंड आतून सव्वा इंच पाहिजे.