सिनोव्हाश्युअर चाचणी: दहा मिनिटांत उत्तर, पण जंतूचे नाव नाही

बसवलेला कृत्रिम गुडघा किंवा खुबा दुखू लागला, की तो नुसता सैल झाला आहे की त्याच्याभोवती जंतुसंसर्ग झाला आहे, हे पुन्हा शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ठरवावेच लागते. त्या कामी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये परवानगी दिलेली सिनोव्हाश्युअर ही चाचणी मी वापरतो. सांध्यातील द्रवात अल्फा-डिफेन्सिन आहे का, एवढेच ती पाहते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हे प्रथिन सोडतात.

कृती सोपी आहे. काढलेला द्रव पातळ करून त्याचे थेंब चाचणीच्या पट्टीवर सोडायचे आणि दहा मिनिटांनी रेघा पाहायच्या. एका रुग्णाच्या रक्तातील सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असल्याचे दाखवणारे प्रथिन, जेमतेम वाढलेले होते, शिवाय दुसऱ्या एका रुग्णालयात सांध्यातील द्रव न काढताच त्यांना तीन आठवडे प्रतिजैविके दिली गेली होती, याचे मला आजही वाईट वाटते. त्यांच्या पट्टीवर दुसरी, म्हणजे अल्फा-डिफेन्सिन असल्याचे दाखवणारी, रेघ इतकी पुसट उमटली, की ती दिव्याखाली धरून पाहावी लागली. पुसट रेघही पॉझिटिव्हच धरायची असते. पुढे कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत द्रवातील जंतू वाढवून पाहिल्यावर, स्टॅफिलोकोकस या जंतूची वाढ झाली, पण ती नवव्या दिवशी. आधी प्रतिजैविके घेतलेली असली तरी या चाचणीवर फारसा परिणाम होत नाही, हा तिचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो.

मर्यादाही आहेत. नमुन्यात रक्त जास्त असेल तर निकालावर विसंबता येत नाही, आणि धातूचे कण झिजून सांध्यात साचले असतील किंवा गाउट (युरिक आम्लाचे खडे सांध्यात साचून होणारा विकार) असेल तर जंतूंशिवायही रेघ उमटू शकते. कृत्रिम सांध्याचा संसर्ग ठरवण्याच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ही चाचणी पॉझिटिव्ह आल्यास तीन गुण मिळतात आणि संसर्ग निश्चित म्हणायला सहा लागतात. त्यामुळे द्रवातील पांढऱ्या पेशींची मोजणी टाळता येत नाही. मुख्य म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडेल, हे फक्त कल्चर सांगते, आणि क्युटिबॅक्टेरियमसारख्या सावकाश वाढणाऱ्या जंतूंसाठी ते चौदा दिवस ठेवावे लागते. म्हणून द्रव थोडाच निघाला, तर मी तो आधी कल्चरच्या बाटलीत घालतो, मग पेशींच्या मोजणीला देतो आणि उरलाच तर पट्टीसाठी वापरतो.