ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर: कोड नाही दिला, टर्बोचा खर्च मात्र वाचवला

गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारा, पाच-सहाशेला मिळणारा हा डबा लावला की फोनवर लगेच बिघाडाचं नाव येईल असं वाटत असेल तर घेऊच नका. माझी 2012 ची डिझेल हॅचबॅक, 1.3 लिटरचं कॉमन रेल इंजिन, खंबाटकीला तिसऱ्यावर पण ओढेना, मागून काळा धूर आणि चेक इंजिनचा दिवा मात्र बंद. स्कॅनर पण म्हणाला कोड (बिघाडाचा नंबर) नाही. गॅरेजवाल्याने तर गाडी न चालवताच टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) गेला म्हणून सांगितलेलं, आकडा ऐकला आणि चावी घेऊन घरी आलो.

पैसे वसूल होतात ते लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणी इंजिनाचे दिसणारे आकडे. आधी इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन करायची, मॅप सेन्सरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजतो तो) आकडा आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा दिसला पाहिजे, पुण्यात साधारण 95 किलोपास्कल येतो. मग रिकामा चढ बघून तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, फोन मेहुण्याच्या हातात (चालवणाऱ्याने बघायचं नाही, आणि मेहुण्यालाही काहीतरी काम). 2500 आरपीएमला 200 च्या आसपास जायला हवं ते मॅप 130 वरच अडकलेलं, पण रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) पाय दाबला की झटक्यात वर, म्हणजे डिझेल पोचतंय आणि हवाच कमी पडतीये, मग फिल्टर-इंजेक्टरच्या वाटेला गेलोच नाही.

टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी पाइप काढला तर क्लॅम्पच्या कडेला बोटभर चीर, भोवती तेलकट काळी धूळ चिकटलेली. नुसतं बघून काही कळत नाही हो, पाइप पिळला की चीर उघडते, म्हणून उभ्या गाडीत आवाज पण येत नव्हता. पाइप बदलला, त्याच चढावर मॅप 200 पार.

आता रडगाणं. या स्कॅनरमधली मूळ ईएलएम327 चिप कॅनडातल्या कंपनीची, ती कंपनी 2022 मध्ये बंद झाली, आपल्याकडे येतात त्या बहुतेक नकला. व्हर्जन 2.1 लिहिलेल्या बऱ्याच नकला अर्धे कमांडच ओळखत नाहीत, त्यापेक्षा 1.5 वाल्या बऱ्या चालतात, गंमत म्हणजे मूळ कंपनीने 1.5 कधी काढलंच नव्हतं. कनेक्शन मधेच तुटतं, इंजेक्टर करेक्शनसारखे आतले आकडे फुकटच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाहीत, आणि पोर्ट स्टिअरिंगखाली असल्याने गुडघा लागतो. काम झालं की काढून ठेवा, लावून ठेवला तर बॅटरी खातो. पेअरिंगला 1234 नाही चाललं तर 0000 टाका. आयफोनवाल्यांनी हा साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, जोडलाच जात नाही, वायफायवाला बघा.