दारू सोडताना कोणता ग्रुप निवडावा: एए, स्मार्ट रिकव्हरी की दवाखान्यातला गट?

आधी एक गोष्ट, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम होणं, नसलेलं दिसणं, ताप, थरथर असा धोकादायक प्रकारही होऊ शकतो. हे कुठल्याच ग्रुपचं काम नाही, ते दवाखान्यातच सांभाळावं लागतं. त्यानंतरचे महिने आणि वर्षं कुणाच्या सोबतीने काढायची, हा पुढचा प्रश्न.

सगळ्यात सहज सापडतो तो अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए. 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघेही दारूने पोळलेले. एकाने दुसऱ्याशी मनापासून बोलावं, एवढ्यावर हे सगळं उभं राहिलं. फी नाही, नोंदणी नाही. पिणं थांबवायची इच्छा असली की झालं. मीटिंगमध्ये एकेक जण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात, मधे कुणी सल्ला देत नाही. नवख्याला हे फार सोपं जातं, कारण पहिल्या दिवशी एक शब्दही न बोलता बसून राहता येतं. पुढे बारा पायऱ्या येतात, म्हणजे दारूमुक्त राहण्यासाठी एकेक करून करायच्या गोष्टी, आणि त्या पायऱ्यांवर सोबत करणारा स्पॉन्सर, म्हणजे आधीपासून दारूमुक्त असलेला सभासद.

अडचण बहुतेकांना देवाच्या उल्लेखाची वाटते. पायऱ्यांमध्ये तो आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण ‘आपल्याला उमगलेला देव’ अशी मोकळीक त्यातच दिलेली आहे, आणि ग्रुपलाच आपल्याहून मोठी शक्ती मानणारे नास्तिक सभासदही असतात. तरीही ज्याला ते पटतच नाही, त्याने स्वतःवर जबरदस्ती करू नये.

अशा माणसाला स्मार्ट रिकव्हरी जवळची वाटेल. 1994 मध्ये या नावाने सुरू झालेली ही पद्धत मानसोपचारातल्या तंत्रांवर बेतलेली आहे. सोडण्याची ओढ टिकवणं, तलफ हाताळणं, विचार-भावना-वागणं सांभाळणं आणि आयुष्याचा तोल साधणं, असे तिचे चार भाग. इथे कागद-पेन लागतं: पिण्याचे फायदे-तोटे तक्त्यात मांडा, तलफ कधी, कुठे, किती वेळ आली ते लिहा. सभा चालवणारा प्रशिक्षित असतो आणि तो स्वतः व्यसनातून गेलेला असेलच असं नाही. लोक एकमेकांशी थेट बोलतात, सुचवतात. ‘मी अल्कोहोलिक’ म्हणायची सक्ती नाही, स्पॉन्सरही नाही. उणीव एकच, पण मोठी: सभा कमी ठिकाणी आणि कमी वेळा होतात. बऱ्याच जणांना त्या फक्त ऑनलाइन मिळतात.

परिणामांचं म्हणाल, तर 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) 27 अभ्यास आणि 10,565 माणसं होती. एए आणि एएकडे नेणारे ठरीव उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांहून सरस ठरले. ही तुलना स्मार्टच्या सभांशी नव्हती, हे मात्र लक्षात घ्या.

दवाखान्यातला किंवा व्यसनमुक्ती केंद्रातला गट समुपदेशक चालवतो. दारूसोबत नैराश्य, घबराट किंवा इतर औषधोपचार असतील तर सुरुवात तिथूनच करावी असं मला ठाम वाटतं. पण हे गट बहुधा कामाच्या वेळेत भरतात, बरेचसे ठरावीक मुदतीचे असतात, आणि तलफ येते रात्री. म्हणून सोबत दुसरा ग्रुप जोडून घ्या. डॉक्टरांनी डायसल्फिराम, नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट असं दारू सोडायला मदत करणारं औषध दिलं असेल, तर ‘गोळीच्या आधारावरची ही कसली दारूमुक्ती’ म्हणणारा एखादा भेटेल. त्याचं ऐकू नका. एएचं अधिकृत धोरण औषधांच्या विरोधात नाही, आणि औषधाचा निर्णय डॉक्टरांचा.

मला विचाराल, तर ग्रुपच्या नावापेक्षा मीटिंगच्या खोलीत काय घडतं ते पाहा. मीटिंग संपल्यावरची पंधरा मिनिटं बघा: खुर्च्या आवरता आवरता कुणी नवख्याशी बोललं का? नंबर लिहून दिला का, ‘प्यावंसं वाटलं तर पिण्याआधी फोन कर’ असं म्हटलं का? ज्या ग्रुपमध्ये हे घडतं, तिथे माणूस टिकतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये नेमकं हेच निसटतं, म्हणून ती पूरक ठेवा. लांब राहणाऱ्यांना, आजारी माणसांना मात्र तीच मोठा आधार असते. शिवाय एकाच एए ग्रुपवरून मत बनवू नका. दोन ग्रुपांमधला फरक कधी कधी दोन पद्धतींमधल्या फरकाहून मोठा असतो.

जाण्याआधी फोन करून विचारा: मीटिंग खुली आहे की बंद? खुलीत घरचे किंवा मित्रही बसू शकतात, बंद फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. भाषा कोणती, फक्त स्त्रियांची मीटिंग आहे का, हेही विचारा; अनेक बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत मोकळं होता येत नाही. आणि वेळ शक्यतो तीच निवडा, ज्या वेळी एरवी पेला हातात यायचा.

घरच्यांसाठी 1951 पासून अल-अॅनॉन हा वेगळा ग्रुप आहे. पिणारा अजून कुठेच जायला तयार नसला, तरी त्याची बायको, नवरा, आई-वडील तिथे आजपासून जाऊ शकतात.