इंग्लिशचं अनेकवचन: नियम समजून की यादी पाठ करून?

सुदामानगरच्या एका वहिनींनी विचारलं, मुलगा पाचवीत आहे, प्लुरल नियमाने शिकवू की यादी रटवून घेऊ? क्लासवाले काही का म्हणेनात, दोन्ही घरबसल्या होतं, खर्च शून्य.

नियमाला सुरुवातीला डोकं लावावं लागतं, पण एकदा बसला की नवीन शब्दही आपोआप जमतो. शेवटच्या वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय जाऊन आयईएस, बेबी-बेबीज, स्वर असेल तर नुसता एस, बॉय-बॉईज. यादी पटकन पाठ होते आणि पेपर झाला की उडते!

पण नियम फसतातही. वॉचचं वॉचेस, मग स्टमकला, त्यातही शेवटी सीएच असून, नुसता एस का? कारण तिथे सीएचचा उच्चार क होतो. नाइफचं नाइव्ह्ज पण रूफचं रूफ्स, पोटॅटोला ईएस अन् फोटोला एस, इथे मात्र रट्टाच मारावा लागतो. चाइल्ड-चिल्ड्रन, माउस-माइस, शीप-शीप तसंच. आणि फर्निचर, इन्फर्मेशनला एस लावायचाच नाही, हे तर ऑफिसातले मोठे लोकही चुकतात.

उद्या टेस्ट असेल तर यादी बरी. वर्षभर हाताशी असेल तर आधी नियम, आणि फक्त अपवादांची छोटी यादी फ्रिजवर चिकटवा.