पारा पंचेचाळीसवर, प्रोसेसर ओव्हरक्लॉकवर: रायझन ५ ५६००एक्सचे नऊ महिने

दोन हजारांचा कूलर आणला असं घरी सांगितलं, तर आई म्हणाली, ‘एवढ्यात? पंपासकट?’ नागपुरात कूलर म्हणजे खिडकीतला, वाळ्याच्या ताट्यांचा. माझा होता प्रोसेसरवर बसवायचा, एका पंख्याचा, वीतभर उंचीचा. पण या नऊ महिन्यांत माझ्या ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापुढे पळवण्याचं, जे काही बरंवाईट झालं, त्यात या दोन्ही कूलरांचा हात आहे.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. तुळशीचं लग्न झालं की काम सुरू होतं आणि एप्रिल-मेमध्ये डोक्यावरून वाहतं. म्हणजे मशीनला दम लागायचे दिवस आणि खोली भट्टीसारखी तापायचे दिवस एकच. मशीन साधं आहे: एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय. प्रोसेसर २०२० सालचा, ६ कोर (आत काम करणारे सहा स्वतंत्र मेंदूच म्हणा), मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्‌झ, बूस्ट, म्हणजे गरज पडली की स्वतःच चढवलेला वेग, ४.६ पर्यंत. नव्या पिढीचा घ्यायचा तर मदरबोर्ड आणि रॅमही बदला, म्हणून म्हटलं, आहे त्यातूनच काही निघतं का बघू.

काय निघालं ते आधीच सांगून टाकतो. तासाभराची फिल्म प्रोसेसरवर एक्स्पोर्ट करायला ५२ मिनिटं लागायची, आता ४९ लागतात. तीन मिनिटं. तुम्ही ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरने (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) एक्स्पोर्ट करत असाल तर तेवढीही वाचायची नाहीत, इथेच वाचन थांबवलंत तरी चालेल. मी प्रोसेसरवर करतो, कारण मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता उडतात ना, त्या हजार बारीक दाण्यांचा कार्डाच्या एन्कोडिंगमध्ये लगदा होतो. निदान माझ्या जुन्या कार्डावर तरी होतो.

पहिली चूक जानेवारीत केली. व्हिडिओ बघून सगळ्या कोरांना सरसकट ४.७ गिगाहर्ट्‌झ बांधून दिले आणि व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडलं. हे कुणी करू नका. वेग तुम्ही बांधला आणि व्होल्टेज मदरबोर्डवर सोडलं, की तो सढळ हाताने वाढतो. पडायला नको म्हणून चार घास जास्तच. मग मी ते १.३५ व्होल्टवर आणलं. खोलीत तेव्हा २० अंश होते, पाय गोधडीत होते, सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत आकडा बारा हजारांच्या घरात गेला आणि तापमान ८७ वर थांबलं. मूळ सेटिंगवर ११ हजार यायचे. मी खूश. स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवले.

व्होल्टेजबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण नवखा माणूस हमखास इथेच गोंधळतो. मूळ सेटिंगवरचा रायझन हलक्या कामात क्षणभर १.४ च्या वर जाताना दिसतो आणि लोक घाबरतात. ते कंपनीच्याच आखणीतलं आहे, तेव्हा एखादाच कोर धावत असतो आणि करंट कमी असतो. तेच व्होल्टेज सहाही कोरांवर पूर्ण भारात तासन्‌तास ठेवलं तर गोष्ट वेगळी. व्होल्टेज, करंट आणि उष्णता तिन्ही एकत्र आले की आतल्या सूक्ष्म तारांची झीज होते. ती दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी पूर्वीचाच वेग टिकवायला प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागू लागतो. हा बागुलबुवा नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते अस्थिर होत होते, आणि कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तिथे तर बऱ्याच जणांनी स्वतः काही छेडलंही नव्हतं.

विजेचा हिशेबही असाच एकांगी आहे. वेग वाढवला तर खर्च त्याच प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेज वाढवलं तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. दहा टक्के व्होल्टेज म्हणजे एकवीस टक्के जास्त उष्णता. हे दहावीचं गणित मला मे महिन्यात कळलं.

खरं तर एप्रिलमध्येच. अक्षय्य तृतीयेच्या आसपास पाच लग्नं हातात, खोलीत ३६ अंश. प्रोसेसरवरचा कूलर काही थंडी तयार करत नाही, फक्त खोलीच्या हवेपर्यंतचा फरक राखतो. जानेवारीत २० वर ८७, तर एप्रिलमध्ये ३६ वर १०३ व्हायला हवं. तिथवर पोचायच्या आधीच, एक्स्पोर्ट ७० टक्क्यांवर असताना पडदा काळा झाला. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. मूळ सेटिंगवर तो त्या मर्यादेजवळ स्वतःच वेग उतरवून काम रेटतो. हाताने वेग बांधला की बूस्टचं ते सगळं शहाणपण तुम्ही बंद केलेलं असतं. वर खिडकीतल्या कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर येत होती. जाळीत धूळ आणि ओल मिळून चिखलाची पापडी जमली होती, ती जुन्या दाढीच्या ब्रशने खरवडून काढली. टेबल आता समोरच्या भिंतीला आहे.

मग सगळं मूळ जागी आणून पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, बूस्टच्या मर्यादा सैल करणारी एएमडीची सोय) आणि तिच्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरकडे वळलो. कल्पना उलटी आहे: वेग बांधायचा नाही, प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं कमी करायचं. उरलेल्या जागेत प्रोसेसर स्वतःच वर जातो आणि तापला की स्वतःच खाली येतो. प्रत्येक कोरला उणे ३० पर्यंत आकडा देता येतो, एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची.

मी अर्थातच सगळ्यांना उणे ३० दिले. रात्रभर सिनेबेंच चालवला, सकाळी मशीन जिवंत. ओसीसीटी ही दुसरी जड चाचणीही पास. वाटलं, आपल्या नशिबात सोन्याचा प्रोसेसर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला उठलो, मशीन नुसतं बसलेलं, काही काम नाही, आणि परत येतो तो लॉगिनचा पडदा. तसंच तिसऱ्या दिवशी, ब्राउझरमध्ये पान सरकवताना. लाइन गेली म्हणावं तर पंखा फिरतोय, यूपीएस गप्प.

माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. भारात टिकलं म्हणजे टिकलं, असं नाही. सगळे कोर राबत असतात तेव्हा वेग ४.५ च्या आसपास असतो. उणे व्होल्टेजचा खरा कस लागतो तो एकच कोर क्षणभर सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतो तेव्हा. ते होतं मशीन रिकामं असताना, फोल्डर उघडताना. रात्रभराची जड चाचणी त्या जागेकडे बघतच नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची, १८ क्रमांकाची नोंद सापडली, सोबत एपीआयसी आयडी ४. त्याला दोनने भागलं की कोर क्रमांक मिळतो, मोजणी शून्यापासून. म्हणजे कोर क्रमांक २. एएमडीच्या रायझन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर तोच माझा सर्वोत्तम कोर! यात विचित्र काही नाही. चांगल्या कोराला कारखान्यातूनच व्होल्टेज कमी दिलेलं असतं, त्याच्या ताटातून अजून काढायला फारसं उरत नाही.

पुढचे दोन आठवडे कोअरसायकलर. ही छोटी स्क्रिप्ट प्राइम९५ ही जड चाचणी एकेका कोरवर आळीपाळीने चालवते, चूक झाली की कोरचं नाव सांगते. रोज रात्री लावून झोपायचं, सकाळी पडलेल्याचा आकडा दोन-तीनने सैल करायचा. माझे दोन चांगले कोर उणे ८ आणि उणे ११ वर टिकले, बाकीचे उणे २० ते २६ मध्ये. तुमचे आकडे वेगळे असतील, माझे उतरवून घेऊ नका. एकाच डब्यातले दोन प्रोसेसरसुद्धा सारखे नसतात.

या काळात गिऱ्हाइकाचं काम मशीनवर ठेवलं नाही, हे मी एकमेव शहाणपणाचं केलं. अर्धवट अस्थिर मशीन नेहमी पडतंच असं नाही, कधी गुपचूप फाइल बिघडवतं. सप्तपदी पुन्हा घ्यायला सांगता येत नाही कुणाला. फुटेजची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, केबल काढून.

रॅमचं थोडक्यात: ३२०० वरून ३६०० वर गेलो, फॅब्रिक (प्रोसेसरचे आतले भाग जोडणारा रस्ता) १८०० वर. रॅमचं खरं घड्याळ लिहिलेल्या आकड्याच्या निम्मं असतं, म्हणून जोडी एकास एक. पण प्रोसेसरचं सगळं बसल्यावर मगच. दोन्ही एकदम छेडली तर मशीन कुणामुळे पडलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पॉवरच्या मर्यादेवर मात्र बराच खल केला. मूळ मर्यादा ७६ वॉट. पीबीओमध्ये ती मदरबोर्डवर सोडली तर माझा १२० च्या आसपास खातो आणि सिनेबेंचमध्ये बारा हजार शंभर दाखवतो. ८८ वॉटवर बांधला तर अकरा हजार सातशे. चारशे गुणांसाठी ३२ वॉट आणि पंख्याचा विमानासारखा आवाज. नवतप्यात, बाहेर ४५ आणि खोलीत कूलर लावूनही ३४, ८८ वॉटवर तापमान ८४ च्या वर गेलं नाही. त्या नऊ दिवसांत दोन फिल्म आणि एक हळद गेली, एकदाही रीस्टार्ट नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठी: ए५२० चिपसेटच्या (मदरबोर्डवरची मुख्य चिप) बोर्डवर हे जमत नाही, बी४५०, बी५५० किंवा एक्स५७० हवा. सीताबर्डीत एका दुकानदाराने मला छातीठोकपणे उलटंच सांगितलं होतं. बोर्ड परत करताना तोच म्हणाला, ‘तुम्हाला कशाला पाहिजे ते?’ इंटेलकडे ‘के’ अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट लागतो. आणि पीबीओ चालू करताना बायोस, म्हणजे मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, जो इशारा दाखवतं तो वाचा. मर्यादेबाहेर चालवून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. माझी वॉरंटी आधीच संपली होती म्हणून हात धजावला. ती चालू असती तर फक्त ७६ वॉटच्या आत राहून, आहे त्यावर समाधान मानलं असतं.

बायोस अपडेट कराल तर यूपीएसवर करा, आणि आभाळ गडगडत असेल तर करूच नका. अपडेटनंतर जतन केलेली प्रोफाइलं पुसली जाऊ शकतात, माझी जूनमध्ये पुसली गेली. मशीन सुरूच झालं नाही तर सीमॉस (बायोसची सेटिंग्ज लक्षात ठेवणारी मेमरी) पुसायची जागा कुठे आहे, हे मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवा. मध्यरात्री मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून त्या दोन पिना शोधणं मी एकदा केलंय.

आता कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. त्यावर सहा कोरांचे आकडे आणि दोन ओळी: उन्हाळा ८८, हिवाळा १०५. हिवाळ्याची ओळ अजून पेन्सिलीने आहे. तुळशीचं लग्न झालं, खोली पंचविसाच्या खाली उतरली, की कोअरसायकलर पुन्हा दोन रात्री लावणार आणि मगच तिच्यावर पेन फिरवणार.