नव्या प्लॉटवरचं तण आणि वीड मॅट : तिन्ही सीझन बघून झाल्यावर

भाजीपाल्यासाठी जमिनीचा छोटा तुकडा मिळाला तेव्हा त्यावर कमरेएवढं गाजरगवत, खाली हरळी पसरलेली आणि मधेमधे लव्हाळा. एकट्याने सगळं एकदम साफ करणं शक्यच नव्हतं म्हणून अर्ध्या भागावर काळी विणलेली वीड मॅट (तण दाबायला जमिनीवर अंथरायचं प्लास्टिकचं कापड) टाकली, १०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या) आसपासची, आणि उरलेल्या अर्ध्यात लागवडीला लागलो. आता लिहितोय कारण बहुतेक रिव्ह्यू मॅट अंथरल्याच्या दुसऱ्या दिवशीचे असतात, फोटोत सगळं कसं काळंभोर छान.

बियांपासून येणाऱ्या तणावर मॅट एक नंबर. गाजरगवत, घोळ, काटेमाठ असल्यांचा खालीच निकाल लागतो, बऱ्याच बिया उजेड नसल्यामुळे रुजतच नाहीत आणि ज्या रुजतात त्या पांढऱ्या पडून मरतात. फक्त गाजरगवत फुलायच्या आधी उपटून घ्या, एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, आणि हातमोजे घालूनच उपटा, अंगाला खाज सुटली की सुटली. मॅट विणलेली असल्याने पावसाचं पाणी खाली मुरतं, हे प्लास्टिकच्या कागदात होत नाही.

लव्हाळ्याचं मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार, २५-३० मायक्रॉनचा मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा पातळ प्लास्टिकचा कागद) तर तो सरळ भोसकून वर येतो, विणलेल्या मॅटमध्येही जिथे वीण सैल तिथे बरोब्बर डोकं काढतो. कोपरा उचलून बघितला तर खाली पिवळट पाती दुमडून पडलेल्या आणि प्रत्येकीच्या बुडाशी टणक काळपट गाठ, तिच्यापासून दोऱ्याएवढं मूळ निघून पुढच्या गाठीला जोडलेलं. वरून ओढलं की दोरा तुटतो, गाठ आतच राहते, आणि साखळी तुटली की झोपलेल्या बाकीच्या गाठीही फुटायला लागतात, म्हणजे उपटल्याचं समाधान आपलं आणि फायदा त्याचा. वाफसा असताना (माती ओलसर पण चिखल नाही अशी) गार्डन फोर्कने खालून माती सैल करायची आणि गाठी वेचायच्या, दुसरा शॉर्टकट मला तरी सापडला नाही.

हरळी मॅटखाली अशक्त होते पण कडेला पोचली की परत हिरवीगार. वरून धावणारी तर अजून डांबरट, मॅटवर साचलेल्या धुळीत मुळं धरते आणि ती मुळं विणीतून खाली जातात, मग मॅट उचलताना अक्षरशः झटापट होते. म्हणून मॅटवर माती, कंपोस्ट काहीही टाकू नका (काही व्हिडिओत दिसायला चांगलं म्हणून टाकतात, का कोण जाणे) आणि कडेने फावड्याने वीतभर खोल चर ठेवून तो अधूनमधून साफ करा. रोटाव्हेटर मारून घ्या असा सल्ला सगळेच देतात, पण काशांचे (हरळीच्या जमिनीखालच्या खोडांचे) तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा नवीन हरळी. मी काशा हाताने वेचून उन्हात कडक वाळवल्या, कंपोस्टमध्ये घातल्या नाहीत.

मॅटबद्दल खरी तक्रार म्हणजे कापलेली कड. दोरे सुटत जातात आणि ते प्लास्टिकचे दोरे मातीत मिसळतात, वेचता वेचता नाकी नऊ. कापलं की लगेच मेणबत्तीने कड वितळवून घ्यायची, रोपांसाठी भोकं पण तापवलेल्या डब्याच्या काठाने पाडायची. पायवाटांवर मी चिकटपट्ट्या काढलेला पुठ्ठा आणि वर ३-४ इंच पालापाचोळा टाकलाय, तो कुजून जातो, परत टाकावा लागतो, पण निदान कचरा मागे ठेवत नाही.

परत घेईन का? घेईन, पण संपूर्ण प्लॉटसाठी नाही, एका वेळी जेवढं खुरपून होईल तेवढं सोडून बाकीचं झाकायला. पहिला वाफा उघडल्यावर नांगरट केली नाही, खोलातलं बी वर आलं असतं. नुसतं पाणी दिलं, उगवलेलं बारीक तण खुरप्याने वरवर खरवडलं, मग मेथी पेरली. तिथे आता लव्हाळा सोडला तर फारसं काही येत नाही, मॅट शेजारच्या वाफ्यावर सरकवली आहे.